परदेशात दुसऱ्याच्या नावावर गेलेला ब्रँड: दावा ख्यातीचा करावा की मालकीचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळ आपल्या कुटुंबाचा मसाल्यांचा कारखाना असून तो आता तिसरी पिढी चालवते. ब्रँडची भारतातील नोंदणी आपल्याच भागीदारी संस्थेच्या नावे आहे आणि महाराष्ट्र, गोवा व उत्तर कर्नाटकात ते नाव घरोघरी माहीत आहे. गेली काही वर्षे न्यू जर्सीतील एक वितरक आपला माल अमेरिकेत विकत होता. दुसऱ्या खरेदीदाराला माल पाठवण्याची वेळ आली तेव्हा आपल्याला कळले की, या वितरकाने तेच नाव अमेरिकेत स्वतःच्या कंपनीच्या नावे नोंदवून घेतले आहे. त्याच्या वकिलाची नोटीसही आपल्याला आली आहे. नोंदणीला अजून तीन वर्षे पूर्ण झालेली नाहीत. भारत पॅरिस कराराचा (व्यापारचिन्हे व पेटंट यांच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) सदस्य असल्यामुळे आणि आपले चिन्ह सुप्रसिद्ध असल्यामुळे ही नोंदणी रद्द करून घेता येईल का, आणि त्यासाठी आधी भारतात 'सुप्रसिद्ध व्यापारचिन्ह' हा दर्जा मिळवावा का, असे आपण विचारले आहे.

नोंदणी रद्द होण्याची शक्यता चांगली आहे, परंतु आपण ज्या आधारावर विसंबून आहात त्या आधारावर ती फार कमी आहे. आपला खरा दावा ख्यातीचा नसून मालकीचा आहे. या दोन दाव्यांना लागणारा पुरावा वेगळा असतो, मुदती वेगळ्या असतात, आणि चुकीच्या दाव्यात गेलेले पहिले वर्ष नंतर भरून काढणे कठीण होते. म्हणून हा फरक मी जरा विस्ताराने सांगतो.

व्यापारचिन्हाचा हक्क प्रत्येक देशात स्वतंत्रपणे जन्माला येतो. भारतातील नोंदणी प्रमाणपत्र अमेरिकेत मालकी देत नाही आणि अमेरिकेतील प्रमाणपत्र सांगलीत काही देत नाही. या प्रादेशिकतेच्या तत्त्वाला एक अपवाद म्हणून १९२५ साली हेग येथील परिषदेत पॅरिस करारात कलम ६ बिस घालण्यात आले. एखाद्या देशात जे चिन्ह दुसऱ्याचे म्हणून सुप्रसिद्ध आहे, त्याची नक्कल तिथे कोणी नोंदवली तर ती नोंदणी नाकारावी किंवा रद्द करावी, असे हे कलम सांगते. १९९५ पासून लागू झालेल्या, जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराने हे संरक्षण सेवांनाही दिले आणि चिन्हाची ख्याती ठरवताना संबंधित ग्राहकवर्गातील माहिती विचारात घ्यावी, असे स्पष्ट केले. आपला देश ७ डिसेंबर १९९८ रोजी पॅरिस कराराचा सदस्य झाला. ही सर्व माहिती आपल्या पत्रात अचूक आहे. मात्र कलम ६ बिस वाचताना एक गोष्ट निसटते आणि ती बहुतेकांच्या हातून निसटते: चिन्ह सुप्रसिद्ध असावे लागते ते जिथे संरक्षण मागायचे त्या देशात. कोल्हापूर, बेळगाव आणि मडगाव इथली ख्याती हा त्या कलमाखाली अमेरिकेतील पुरावा होत नाही.

आपल्या न्यायालयांनीही हेच अंतर परदेशी कंपन्यांना दाखवून दिले आहे, आणि ते समजून घेतले म्हणजे अमेरिकेतील न्यायाधीश आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतील याचा अंदाज येतो. व्हर्लपूल प्रकरणात त्या अमेरिकी कंपनीची भारतातील जुनी नोंदणी नूतनीकरणाअभावी १९७७ मध्ये संपुष्टात आली होती आणि पुढे भारतीय प्रतिवादींनी तेच नाव वॉशिंग मशीनसाठी नोंदवून घेतले. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये परदेशी कंपनीच्या बाजूचा मनाई हुकूम कायम ठेवला, कारण भारतात फिरणाऱ्या नियतकालिकांतील जाहिरातींमुळे आणि थोड्याफार विक्रीमुळे तिची ख्याती सीमा ओलांडून इथे पोहोचली होती, असे न्यायालयाला दिसले. २००४ मध्ये 'ओक्युफ्लॉक्स' या डोळ्यांच्या औषधाच्या नावावरून झालेल्या मिल्मेट प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले आणि जगात कोण आधी बाजारात आले हा निकष महत्त्वाचा मानला. परंतु भारतात येण्याचा इरादाच नसलेल्या बहुराष्ट्रीय कंपनीने भारतीय कंपनीचा गळा आवळू नये, असा इशाराही त्याच निकालात दिला.

या वाटेला लगाम बसला तो टोयोटा प्रकरणात. टोयोटाने 'प्रियस' मोटार जपानमध्ये १९९७ साली आणली. दिल्लीतील एक सुटे भाग बनवणारी कंपनी २००१ पासून ते नाव वापरत होती आणि तिने त्याची नोंदणीही केली होती. टोयोटाची ती मोटार भारतात २००९-१० च्या सुमारास आली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, जगात प्रथम कोण हा प्रश्न निर्णायक नाही. प्रतिवादीने नाव स्वीकारले त्या सुमारास, म्हणजे २००१ च्या एप्रिलमध्ये, 'प्रियस'ची ख्याती भारतीय ग्राहकांत पुरेशी पसरली होती हे टोयोटाने सिद्ध करायला हवे होते. वृत्तपत्रांतील तुरळक बातम्या त्यासाठी अपुऱ्या ठरल्या, आणि त्या काळातील भारतात इंटरनेटचा प्रसारही मर्यादित होता. माझ्या मते हा निकाल योग्य आहे. त्यातून हाती येणारे दोन प्रश्न कोणत्याही सीमापार वादात पहिल्याच दिवशी विचारावेत: ख्याती कोणत्या देशात होती, आणि कोणत्या तारखेला होती?

आता हेच दोन प्रश्न अमेरिकेत विचारले गेले तेव्हा भारतीय ब्रँडांचे काय झाले ते पाहा. नवी दिल्लीतील आयटीसी मौर्य (पूर्वीचे मौर्य शेरेटन) हॉटेलमधील 'बुखारा' या उपाहारगृहाची कीर्ती सांगायला नको. त्याची मालक कंपनी आयटीसी हिने १९८६ मध्ये न्यूयॉर्कला 'बुखारा' उघडले; ते १९९१ मध्ये बंद झाले आणि शिकागोतील शाखेशी असलेला संबंध १९९७ पर्यंत टिकला. १९९९ मध्ये जुन्या कर्मचाऱ्यांपैकी काहींनी न्यूयॉर्कमध्ये 'बुखारा ग्रिल' सुरू केले. त्यात नावाबरोबर सजावट, लाकडी फळीवरचे मेन्यूकार्ड आणि ग्राहकांच्या गळ्यात बांधायचे चौकड्यांचे कापडही तसेच होते. आयटीसीने दावा केला. २००७ मध्ये तेथील सेकंड सर्किट अपील न्यायालयाने सांगितले की, आयटीसीने अमेरिकेतील वापर सोडून दिल्यामुळे तिची तिथली नोंदणी संपली, आणि परदेशातील सुप्रसिद्ध चिन्हाला केवळ त्या ख्यातीवर संरक्षण देणारी तरतूद अमेरिकी संसदेने संघीय कायद्यात केलेलीच नाही. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याखाली एक फट उरली होती, पण त्यासाठी न्यूयॉर्कमधील ग्राहकांच्या मनात दिल्लीच्या 'बुखारा'चा लौकिक आहे हे दाखवावे लागणार होते. तेही आयटीसीला जमले नाही. कॅलिफोर्निया ज्या नाइन्थ सर्किटच्या अधिकारक्षेत्रात येते त्या न्यायालयाने २००४ मध्ये मेक्सिकोतील एका किराणा साखळीच्या प्रकरणात याउलट मत मांडले होते. म्हणजे एकाच देशातील दोन अपील न्यायालयांत या तत्त्वावर एकमत नाही. असा आधार घेऊन एखाद्या कुटुंबाच्या कारखान्याने लढाईत उतरू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरे प्रकरण आपल्या अधिक जवळचे आहे, कारण त्यातील पेये मुंबईच्या पार्ले समूहाने रुजवली. 'थम्स अप' आणि 'लिम्का' ही नावे १९९३ मध्ये कोका-कोलाने पार्लेकडून विकत घेतली. अमेरिकेतील मीनाक्षी एंटरप्राइज नावाच्या कंपनीने हीच दोन्ही नावे तिथे २०१२ मध्ये स्वतःच्या नावे नोंदवली आणि ती पेये भारतीय किराणा दुकानांना पुरवली. कोका-कोलाने २०१६ मध्ये नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज केला. अमेरिकी व्यापारचिन्ह कार्यालयातील असे वाद ऐकणाऱ्या मंडळाने तो मान्य केला, परंतु फेडरल सर्किट अपील न्यायालयाने जून २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला. कारण असे की, अमेरिकेत आपली विक्री बुडाली किंवा तिथल्या ग्राहकांत आपल्या नावाला धक्का बसला, हे कोका-कोलाने पुराव्याने दाखवले नव्हते. अमेरिकेत राहणारा भारतीय वंशाचा ग्राहक ही नावे ओळखतच असेल, असे गृहीत धरायला न्यायालयाने नकार दिला. आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिलेले नाव, कोका-कोलासारखी मालक कंपनी आणि तिच्या दिमतीला असलेले वकील, हे सगळे असूनही पुरावा कमी पडला. न्यू जर्सीतील मराठी मंडळांत आपले नाव सर्वांना माहीत आहे, असे आपण पत्रात लिहिले आहे. ते खरे असेल, पण त्या वाक्याला आधार देणारी कागदपत्रे नसतील तर त्याची किंमत शून्य आहे.

या दोन्ही प्रकरणांत आणि आपल्या प्रकरणात एक मोठा भेद आहे, आणि तोच आपल्या हिताचा आहे. आपला माल अमेरिकेत प्रत्यक्ष विकला जात होता, आणि नाव नोंदवणारा माणूस परका नसून आपलाच वितरक होता.

अशा वितरकासाठी पॅरिस करारात वेगळेच कलम आहे, त्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. कलम ६ सेप्टीस हे १९५८ मध्ये लिस्बन येथे घातले गेले. मालकाच्या प्रतिनिधीने परवानगीशिवाय चिन्ह स्वतःच्या नावे नोंदवले, तर मालकाला विरोध करण्याचा, नोंदणी रद्द करवून घेण्याचा आणि त्या देशाच्या कायद्याने मुभा दिली असेल तर ती स्वतःच्या नावे वळवून घेण्याचाही हक्क ते देते. यात चिन्ह सुप्रसिद्ध असण्याची अट नाही. ब्रिटन, युरोपीय संघ आणि चीन यांनी आपापल्या कायद्यांत तशी तरतूद केली आहे. अमेरिकेत तिचे काम मालकीच्या जुन्या तत्त्वावर चालते. परदेशी उत्पादकाचा माल आयात करून विकणारा वितरक केवळ त्या विक्रीमुळे चिन्हाचा मालक होत नाही. वेगळा करार नसेल तर उत्पादकच मालक असे गृहीत धरले जाते, आणि अर्जाच्या दिवशी जो मालक नव्हता त्याचा वापरावर आधारलेला अर्ज मुळापासूनच निरर्थक ठरतो. वितरकाने माल विकला तो वापरही कायद्याच्या दृष्टीने आपलाच वापर असतो.

अर्थात हे गृहीतक खोडून काढता येते, आणि समोरचा वकील नेमका तोच प्रयत्न करील. एका जपानी उत्पादकाच्या आणि त्याच्या अमेरिकी वितरकाच्या वादात, सेंगोकू वर्क्स या १९९६ च्या प्रकरणात, न्यायालयाने कोणत्या गोष्टी पाहाव्यात ते सांगितले आहे. नाव कोणी तयार केले, मालावर ते प्रथम कोणी लावले, पाकिटावर चिन्हाबरोबर कोणाचे नाव छापलेले असते, मालाचा दर्जा कोण राखतो, आणि तक्रार असेल तर ग्राहक कोणाकडे जातो, असे ते निकष आहेत. यांपैकी पहिले दोन आणि चौथा आपल्या बाजूने पक्के आहेत. तिसऱ्याची मला काळजी आहे. अमेरिकेतील अन्न लेबलच्या नियमांनुसार उत्पादक, पॅकर किंवा वितरक यांपैकी एकाचे नाव व ठिकाण पाकिटावर असले तरी चालते, आणि वितरकाचे असेल तर 'डिस्ट्रिब्यूटेड बाय' अशा शब्दांत त्याचे नाते सांगावे लागते. आपल्याकडील अनेक निर्यातदार वितरकाच्या सांगण्यावरून फक्त त्याचेच नाव छापतात. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत मागच्या बाजूला फक्त त्याचे नाव आणि खाली 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया' एवढेच दिसते. यामुळे दावा बुडत नाही, पण दर्जा आणि तक्रारी या दोन मुद्द्यांवर आपल्याला अधिक भक्कम कागद लागतील. पुढच्या छपाईपासून उत्पादक म्हणून आपले नाव पाकिटावर आलेच पाहिजे.

कागद कोणते, तेही सांगतो. पहिल्या निर्यातीपासूनची शिपिंग बिले, इनव्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती). स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडील आपल्या कारखान्याची नोंदणी आणि प्रत्येक कंटेनर पोहोचण्याआधी द्यावी लागणारी पूर्वसूचना, जिच्यात उत्पादक म्हणून आपले नाव असते. ही शेवटची दोन कागदपत्रे फार मोलाची आहेत, कारण ती अमेरिकी सरकारच्या दप्तरात आहेत आणि वितरकाच्या अर्जाच्या कितीतरी आधीची आहेत. पाकिटाची रचना करणाऱ्या चित्रकाराचे जुने बिल, छपाईचा ब्लॉक बनवल्याचे बिल, प्रयोगशाळेचे तपासणी अहवाल, हेही काढून ठेवा.

यानंतर एक काम आपण स्वतः, वकिलाकडे जाण्याआधी करावे. वितरकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार, ईमेल आणि व्हॉट्सअॅपसकट, बसून वाचावा. उत्पादकाने लेखी संमती दिली असेल तर वितरकाला अमेरिकेत स्वतःच्या नावे नोंदणी करता येते. 'तिकडचे रजिस्ट्रेशन तुम्हीच बघा' असे एखादे वाक्य कोणी सहज लिहून गेले असेल, तर समोरचा पक्ष सर्वांत आधी तेच पुढे ठेवील. असे वाक्य सापडले तर ते लपवू नका, वकिलाला दाखवा. 'अर्ज तुम्ही भरा' आणि 'नाव तुमचे झाले' यांत मोठे अंतर आहे, पण ते अंतर वेळेत मांडावे लागते.

वेळेचे म्हणाल तर अर्जदार मालकच नव्हता या मुद्द्यावर अमेरिकेत नोंदणी रद्द करण्याचा अर्ज नोंदणीपासून पाच वर्षांच्या आतच करता येतो. त्यानंतर फसवणूक, वापर सोडून देणे किंवा मालाच्या उगमाबद्दल दिशाभूल असे मोजकेच आधार उरतात, आणि ते सिद्ध करणे बरेच अवघड असते. उगमाच्या दिशाभुलीचा आधार अगदी निरुपयोगी आहे असे नाही. बायर या औषध कंपनीच्या मेक्सिकोतील 'फ्लॅनॅक्स' या वेदनाशामकाचे नाव बेलमोरा कंपनीने अमेरिकेत नोंदवले, पाकीटही मेक्सिकोतल्यासारखेच केले आणि ते तेच औषध असल्याचे व्यापाऱ्यांना भासवले. त्यात २०१४ मध्ये मंडळाने नोंदणी रद्द केली आणि फोर्थ सर्किट न्यायालयाने २०१६ मध्ये, बायरने ते चिन्ह अमेरिकेत कधीच वापरले नसतानाही, तिला दावा चालवू दिला. पण तिथे नकलेचा पुरावा भरपूर होता. आपल्या हाती अजून दोन वर्षांहून अधिक काळ आहे; तरीही तो वाट पाहण्यात घालवू नये. नोंदणीधारकाला आपले चिन्ह अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाकडे नोंदवता येते, आणि तसे झाले तर आपलाच अस्सल माल बंदरात अडकवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. ऑनलाइन बाजारपेठांतही तेच प्रमाणपत्र दाखवून आपल्या नव्या खरेदीदाराची विक्रीपाने उतरवली जातात. म्हणून रद्दीकरणाचा अर्ज दाखल झाल्याशिवाय दुसऱ्या खरेदीदाराचा कंटेनर रवाना करू नये, असा माझा आग्रह आहे.

भारतातही एक बाजू सुरक्षित करायची आहे. आपल्याकडून माल मिळणे थांबले की असा वितरक साधारणपणे दुसऱ्या एखाद्या भारतीय कारखान्याकडून त्याच नावाने मसाला बनवून घेतो आणि तो इथून निर्यात करतो. तसे झाल्यास आपण सांगलीत बसूनही त्याला अडवू शकता, कारण आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ५६ नुसार निर्यातीसाठी भारतात मालावर चिन्ह लावणे हा भारतातील वापरच आहे. 'माझा' या आंब्याच्या पेयाच्या नावावरून हा मुद्दा गाजला. ते नाव भारतासाठी १९९३ मध्ये कोका-कोलाकडे गेले होते. पुढे २००८ मध्ये तुर्कस्तानातील त्याच नावाच्या नोंदणीवरून कोका-कोला आणि मुंबईची बिसलेरी कंपनी यांच्यात वाद झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिसलेरीला भारतात आणि निर्यातीसाठीही ते नाव वापरण्यास मनाई केली. तुर्कस्तानातील नोंदणीवर दिल्लीच्या न्यायालयाचा अधिकार चालणार नव्हता, पण भारतातून निघणाऱ्या मालावर चालत होता. व्यवहारात हा हुकूम फार उपयोगी पडतो, कारण सांगली, राजापुरी किंवा बेडगी हे शब्द ज्या मालाच्या ओळखीचा भाग आहेत तो माल शेवटी भारतातूनच जाणार असतो.

राहिला सुप्रसिद्ध चिन्हाच्या दर्जाचा प्रश्न. २०१७ च्या व्यापारचिन्ह नियमांतील नियम १२४ प्रमाणे एक लाख रुपये शुल्क भरून असा अर्ज करता येतो. तो मिळाल्यास भारतात मसाल्याखेरीज इतर मालावरही आपल्या नावाचा गैरवापर रोखणे सोपे होते, म्हणून तो केव्हातरी जरूर करावा. अमेरिकेतील वादात त्याचे वजन नगण्य आहे. आत्ता तो खर्च आणि ती मेहनत कॅनडा, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती आणि ऑस्ट्रेलिया येथील अर्जांकडे वळवा. भारत २०१३ पासून माद्रिद प्रणालीत (अनेक देशांत चिन्ह नोंदवण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत) आहे आणि अमिरातीही २०२१ च्या अखेरीस तिच्यात आल्यामुळे हे सर्व देश एकाच अर्जात घेता येतात. वितरकाने तिथेही अर्ज केले आहेत का, हा शोध मात्र आधी घ्यावा.

वितरक तडजोडीला तयार झाला तर शक्यतो ती स्वीकारावी. मात्र नोंदणी आपल्या नावे करून घेणारा हस्तांतरण लेख नीट वाचून घ्यावा. ॲपलने २००९ मध्ये 'आयपॅड' हे नाव प्रोव्ह्यू समूहाच्या तैवानमधील कंपनीकडून विकत घेतले, पण चीनमधील नोंदणी शेन्झेनच्या वेगळ्या कंपनीच्या नावे होती. अखेर २०१२ मध्ये सहा कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवावा लागला. म्हणून नोंदणी ज्या नेमक्या कंपनीच्या नावे आहे तिच्याच अधिकृत व्यक्तीने सही केली पाहिजे. चिन्हाबरोबर त्याचे गुडविलही (त्यामागचा व्यापारी लौकिक) हस्तांतरित होत असल्याचे लेखात लिहिलेले असले पाहिजे, कारण गुडविलविना केलेले हस्तांतरण अमेरिकेत टिकत नाही. डोमेन नाव, समाजमाध्यमांवरील खाती, सीमाशुल्क विभागाकडील नोंद आणि ऑनलाइन बाजारपेठेतील ब्रँड नोंदणी यांचा ताबाही त्याच लेखात घ्यावा, आणि शेवटचे पैसे हे हस्तांतरण अमेरिकेच्या व्यापारचिन्ह कार्यालयात नोंदले गेल्यानंतरच द्यावेत.